अ‍ॅक्सलरॉडचं मॉडेल: ग्रिडवर आकडे जुळत नाहीत, गावाच्या जाळ्यावर सगळे एकाच रंगाचे

ग्रिडवाला

रॉबर्ट अ‍ॅक्सलरॉडचं १९९७ चं संस्कृती-प्रसाराचं मॉडेल पायथनमध्ये लिहिलंय. ग्रिड १० × १०, प्रत्येक घराला ५ फीचर (भाषा, पेहराव अशा बाबी), प्रत्येक फीचरचे १५ ट्रेट (त्या बाबीचे शक्य पर्याय); पाचही फीचरांचे ट्रेट मिळून त्या घराची संस्कृती. मूळ लेखात या मापांना शेवटी सरासरी २० प्रदेश (एकाच संस्कृतीच्या सलग घरांचे तुकडे) उरतात. माझा आकडा वीसच्या आसपासही फिरकत नाही.

आतापर्यंत केलेले प्रयोग:

आधी १०,००० पायऱ्यांचा लूप लावला आणि शेवटी किती वेगवेगळ्या संस्कृती उरल्या ते मोजलं. उत्तर वीसच्या कितीतरी वर. मग ‘सगळे शेजारी एकसारखे होईपर्यंत चालव’ अशी अट घातली, तर लूप थांबायचं नावच घेत नाही. मग दर पायरीला १ टक्का शक्यतेने कुठल्यातरी घराचं एक फीचर वाट्टेल तसं बदलायचं, असा गोंगाट घातला. त्यावर तर पडद्यावर जुन्या टीव्हीसारख्या नुसत्या मुंग्या.

कोडमधली पायरी अशी: एक घर निवड, त्याचा एक शेजारी निवड, दोघांची जितकी फीचरं जुळतात त्या प्रमाणात फासा टाक, दान पडलं तर निवडलेलं घर आपलं एक वेगळं फीचर शेजाऱ्याला देतं. ग्रिडच्या कडा गुंडाळलेल्या आहेत, म्हणजे डाव्या टोकाचं घर उजव्या टोकाचं शेजारी.

दुसरा भाग. कर्नाटकातल्या ७५ गावांच्या सामाजिक जाळ्यांचा जो खुला डेटा आहे (बॅनर्जी, चंद्रशेखर, डुफ्लो, जॅक्सन यांच्या मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे छोट्या कर्जांच्या, अभ्यासातला), त्यातल्या एका गावावर हाच कोड चालवला. कुटुंबं साधारण २००, एका कुटुंबाचे सरासरी ९ दुवे. बहुतेक रनमध्ये अख्खं गाव एकाच संस्कृतीचं होतं. यावरून ‘गावातलं जाळं दाट असल्यामुळे एकजिनसीपणा येतो’ असं लिहिता येईल का? की कोडच गंडलाय?

आकडेमोड्या

कोड तीन ठिकाणी गंडलाय आणि निष्कर्ष चौथ्या ठिकाणी. आधी ग्रिड.

थांबण्याची अट. या मॉडेलमध्ये सगळे एकसारखे होणं हा शेवटाचा फक्त एक प्रकार. दोन शेजाऱ्यांची ५ पैकी ५ फीचरं जुळली तर देण्यासारखं काही उरत नाही, आणि ० जुळली तर फाशाचं दान कधीच पडत नाही. प्रत्येक दुव्यावर जुळणी ० किंवा ५ झाली की ग्रिड गोठली. तुमचा लूप ज्या क्षणाची वाट पाहतोय तो बहुतेक रनमध्ये येणारच नाही, कारण प्रदेशांच्या सीमेवर जुळणी ० वर अडकलेली असते.

१०,००० पायऱ्या म्हणजे घरागणिक सरासरी १०० पाळ्या. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण त्यातल्या बऱ्याचशा वाया जातात. ५ फीचर, १५ ट्रेट असताना सुरुवातीला दोन शेजाऱ्यांचं एकही फीचर न जुळण्याची शक्यता (१४/१५) चा पाचवा घात, म्हणजे ०.७१. शंभरातले ७१ दुवे पहिल्या क्षणी मुके. उरलेल्यांतही बहुतेकांचं एकच फीचर जुळतं, म्हणजे पाचदा भेटले तर एकदा बोलणार. अ‍ॅक्सलरॉडने स्वतः १० ट्रेटच्या रनची जी चित्रं दिली आहेत ती ०, २०,०००, ४०,००० आणि ८०,००० व्या पायरीची आहेत. तुम्ही नाटक पहिल्या अंकातच सोडून उठलात.

योग्य पद्धत: सगळ्या दुव्यांची यादी करा, प्रत्येकाची जुळणी साठवा आणि ज्यांची जुळणी १ ते ४ आहे त्यांचा ‘जिवंत दुवे’ म्हणून वेगळा संच ठेवा. एखाद्या घराचं फीचर बदललं की फक्त त्या घराचे दुवे, फार तर चार, पुन्हा मोजा. संच रिकामा झाला की थांबा. इथे एक खड्डा हमखास असतो: जुळणी ० झालेला दुवा ‘मेला’ म्हणून यादीतून कायमचा काढून टाकायचा नाही. ते घर दुसऱ्या शेजाऱ्याकडून एखादं फीचर घेतं आणि ० ची १ होते. काढून टाकलात तर प्रदेश जास्त येतील आणि कारण सापडता सापडणार नाही.

आता कुणीतरी सुचवेल की मग वेगासाठी थेट जिवंत दुव्यांतूनच निवड करा. करा, पण सरळ समान शक्यतेने नको. मूळ नियमात आधी घर निवडलं जातं आणि मग शेजारी, त्यामुळे ‘अ ने ब कडून घेतलं’ या घटनेचं वजन १ भागिले अ च्या शेजाऱ्यांची संख्या, गुणिले जुळणीचं प्रमाण, एवढं असतं. कोपऱ्यातल्या घराला दोनच शेजारी, त्याच्या प्रत्येक दुव्याला जास्त वजन.

कडा. मूळ मॉडेलमध्ये कडा गुंडाळलेल्या नाहीत. कोपऱ्यातल्या घराला २ शेजारी, कडेच्याला ३, आतल्याला ४. एकूण दुवे १८०. गुंडाळलं की २००, आणि तुटक राहणारे कोपरेच नाहीसे होतात. प्रदेश कमी भरतात.

मोजणी. अ‍ॅक्सलरॉड संस्कृती मोजत नाही, प्रदेश मोजतो. एकच संस्कृती ग्रिडच्या दोन टोकांना सुटी सुटी असेल तर ते दोन प्रदेश. फक्त जुळणी ५ असलेले दुवे ठेवा आणि जोडलेले तुकडे मोजा. पायथनच्या नेटवर्कएक्स लायब्ररीत एका ओळीचं काम आहे.

दुरुस्ती झाली की वीसच्या मागे लागण्याआधी सोप्या चाचण्या घ्या. १ फीचर ठेवा: पहिल्या पायरीलाच संच रिकामा हवा, कारण जुळणी एक तर पूर्ण नाही तर शून्य. १ ट्रेट ठेवा: एकच प्रदेश. मग ५ फीचरवर ५, १० आणि १५ ट्रेट चालवा. छापील सरासरी १.०, ३.२ आणि २०.० आहेत. त्यानंतर १० फीचर, १५ ट्रेट: १.४. या शेवटच्या आकड्यावर बरेच जण अडखळतात. फीचर वाढवली म्हणजे विविधता वाढायला हवी असं वाटतं, होतं उलट. फीचर जितकी जास्त तितकं निदान एक तरी जुळण्याची शक्यता जास्त. १० फीचरला मुके दुवे ७१ वरून ५० टक्क्यांवर येतात. बोलायला एक धागा मिळाला की बाकीचं ओढलं जातं.

रनागणिक आकडा खूप हलतो. दहा रनची सरासरी घेऊन ‘जुळलं’ किंवा ‘नाही जुळलं’ म्हणू नका. निदान १००–२०० रन करा, प्रत्येकाचा सीड (रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) लिहून ठेवा.

खडूफळा

‘जुळलं’ म्हणजे काय हेही आधी ठरवा. हेच मॉडेल दुसऱ्या एका मोठ्या सिम्युलेशन-व्यवस्थेत नव्याने बांधून पाहायचा प्रयोग, मूळ लेख छापून येण्याआधीच, १९९६ मध्ये अ‍ॅक्सटेल, अ‍ॅक्सलरॉड, एपस्टीन आणि कोहेन यांनी केला होता. त्यांनी जुळण्याचे तीन दर्जे मांडले: आकडे हुबेहूब तेच, आकड्यांचं वितरण तेच, किंवा नुसते कल तेच, म्हणजे ट्रेट वाढले की प्रदेश वाढतात वगैरे. रँडम निवडी असलेल्या मॉडेलात पहिला दर्जा मिळत नाही. दुसऱ्याचा आग्रह धरा. स्वतःच्या कोडच्या दोन आवृत्त्या, म्हणजे साधी संथ आणि जिवंत दुव्यांची वेगवान, प्रत्येकी २०० रन करून कोल्मोगोरोव्ह–स्मिर्नोव्ह चाचणी (दोन वितरणं सारखी आहेत का ते बघणारी) लावा. मूळ लेखातून वितरण मिळत नाही, सरासरीच मिळते. पण या दोन आवृत्त्या एकमेकींशी जुळल्या नाहीत तर चूक तुमच्याच घरात आहे.

ग्रिडवाला

कडा उघड्या केल्या, थांबण्याची अट आणि मोजणी बदलली. ५ आणि १० ट्रेटचे आकडे छापील आकड्यांशी जुळले, १५ चाही वीसच्या शेजारी आलाय. धन्यवाद! मात्र गावाच्या जाळ्यावर अजूनही एकच संस्कृती.

काठावरचा

एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटलेली दिसते. ‘निवडलेलं घर शेजाऱ्याला देतं’ असं लिहिलंय. अ‍ॅक्सलरॉडच्या नियमात उलटं आहे: निवडलेलं घर शेजाऱ्याकडून घेतं. ग्रिडवर सगळ्यांना साधारण सारखेच शेजारी, त्यामुळे फरक जाणवत नाही आणि चाचण्याही पास होतात. गावाच्या जाळ्यावर मात्र यानेच चित्र पालटतं.

का ते एका टोकाच्या उदाहरणात बघा. मॉडेल अगदी साधं घ्या, मतदार-मॉडेल: एकच फीचर, जुळणीची अट नाही, सरळ नक्कल. मधे एक दुकानदार, त्याच्याशी जोडलेली २० घरं, घरांचा आपापसात दुवा नाही. दुकानदाराचं मत वेगळं, बाकी २० जणांचं एक. शेवटी सगळे दुकानदाराच्या मताचे होण्याची शक्यता किती?

आधी घेणारा निवडला, मग त्याने कुणाकडून घ्यायचं ते: २१ पैकी २० वेळा एखादं घर निवडलं जातं आणि त्याला दुकानदाराशिवाय शेजारीच नाही. या नियमात प्रत्येकाचं वजन त्याच्या दुव्यांइतकं. दुकानदाराचे २०, बाकीच्यांचे मिळून २०. शक्यता ५० टक्के.

आधी देणारा निवडला, मग त्याने कुणाला द्यायचं ते (म्हणजे तुमचा कोड): २१ पैकी २० वेळा एखादं घर दुकानदाराच्या डोक्यात आपलं मत भरतं. वजन दुव्यांच्या व्यस्त प्रमाणात. दुकानदाराचं १/२०, बाकीच्यांचं प्रत्येकी १. शक्यता ४०१ मध्ये १, पाव टक्का.

दुवा निवडला आणि दिशा नाणं उडवून ठरवली: सगळे समान, २१ मध्ये १, म्हणजे पावणेपाच टक्के.

जाळं तेच, माणसं तीच, ‘नक्कल’ हा शब्दही तोच. ५० टक्के, पावणेपाच टक्के आणि पाव टक्का. म्हणून कुणी ‘गावातली वजनदार माणसं मतं पसरवतात’ असं सिम्युलेशनवरून सांगितलं की मी आधी लूपमधल्या या दोन ओळी मागतो. अनेकदा तो निष्कर्ष त्या दोन ओळींतच पेरलेला असतो.

जाता जाता: सगळ्यांना एकाच वेळी बदलायचा मोह टाळा. दोन शेजारी, एक काळा एक पांढरा. दोघांनी एकाच ठोक्याला एकमेकांची नक्कल केली की अदलाबदल होते, पुढच्या ठोक्याला पुन्हा अदलाबदल, अनंतकाळ. आणि घरं ओळीने, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, जागच्या जागी बदलत गेलात तर संस्कृती लूपच्या दिशेने वाहताना दिसते. तो समाज नव्हे, तो तुमचा ‘फॉर’ लूप.

आकडेमोड्या

काठावरचा, बरोबर. मी ती ओळ वाचूनही नजरेआड केली.

पण दिशा सुधारूनही गाव एकरंगीच राहील असा माझा अंदाज आहे आणि त्याला ढोबळ हिशेब पुरतो. सुरुवातीला बोलू शकणारे दुवे शंभरात २९. ग्रिडवर घरागणिक सरासरी ३.६ दुवे, म्हणजे बोलते दुवे साधारण १. गावात ९ दुवे, बोलते २.६. माणशी एकाच्या वर बोलते दुवे गेले की ते एकमेकांना जोडून मोठं जाळं उभं राहतं आणि एकच संस्कृती सगळं गिळते. अचूक सिद्धांत म्हणून हे घेऊ नका, पण दिशा सांगायला पुरेसं आहे.

गावाला ग्रिडच्याच पातळीवर आणायचं तर ट्रेटची संख्या वाढवा. ५ फीचर ठेवून बोलते दुवे माणशी एकच्या आसपास हवे असतील तर हिशेबाने ट्रेट ४० च्या घरात जातात. म्हणून एका ट्रेट-संख्येवर चालवून ‘गाव एकजिनसी’ म्हणणं म्हणजे रेडिओच्या खुंटीची एकच जागा ऐकून स्टेशन बंद आहे म्हणणं. ५ पासून १०० पर्यंत ट्रेट फिरवा, प्रत्येक ठिकाणी सगळ्यात मोठ्या प्रदेशात किती टक्के कुटुंबं आली ते काढा आणि आलेख बघा. कुठेतरी तो कड्यासारखा कोसळेल. कास्तेलानो, मार्सिली आणि वेस्पिन्यानी यांनी २००० मध्ये मोठ्या ग्रिडवर हेच दाखवलं: १० फीचरला ही कडा, म्हणजे आलेख कोसळण्याची जागा, ५५ ट्रेटच्या आसपास येते. छोट्या जाळ्यावर ती बोथट होते आणि सरकते. गावागावांची तुलना करायची असेल तर ही कडा कुठे येते त्याची करा.

आणि ‘दाट जाळ्यामुळे’ हे सिद्ध करायला आणखी एक पाऊल लागतं. प्रत्येकाचे दुवे तेवढेच ठेवून जोड्यांची अदलाबदल करा: दोन दुवे उचला, अ–ब आणि क–ड, त्यांचे अ–ड आणि क–ब करा, आधीच असलेला दुवा किंवा स्वतःशीच दुवा होत असेल तर सोडून द्या. २०० कुटुंबं, सरासरी ९ दुवे म्हणजे एकूण ९००. असे निदान ९,००० बदल करा. मग तोच आलेख काढा. कडा तिथेच राहिली तर गावाच्या रचनेचा काही संबंध नाही, फक्त दुव्यांच्या संख्येचा आहे.

गोंगाटप्रेमी

गोंगाटाबद्दल कुणी बोललंच नाही, म्हणून थोडक्यात. क्लेम, एगिलूस, तोराल आणि सान मिगेल यांनी २००३ मध्ये दाखवलं की या मॉडेलच्या गोठलेल्या बहुरंगी अवस्था फार नाजूक असतात. अगदी थोडा गोंगाट घातला तरी सीमा वितळतात आणि एक संस्कृती उरते. गोंगाट बराच वाढवला की मुंग्या. मधली हद्द कुठे? एका गडबडीतून सावरायला ग्रिडला जेवढा वेळ लागतो त्याच्या आत दुसरी गडबड आली की मुंग्या. हा वेळ घरांची संख्या गुणिले तिचा नैसर्गिक लॉग या मापाने वाढतो.

१०० घरांना ते होतं सुमारे ४६०. म्हणजे दर पायरीला गोंगाट ०.००२ च्या आसपास आला की चित्र पालटतं. तुमचा ०.०१ होता, पाचपट. २०० कुटुंबांना हद्द ०.००१ च्या खाली जाते. आकडे मोजपट्टीचे आहेत, सूत्र म्हणून वापरू नका; दर १० पटींनी बदलत ०.०००००१ ते ०.१ असा फेरा मारा.

यातला गुंता असा: घरं वाढली की हद्द खाली सरकते. तोच ‘१ टक्का’ किंवा ‘०.१ टक्का’ छोट्या वस्तीत एक सांगतो, मोठ्या गावात भलतंच. आणि गोंगाट असताना ‘संच रिकामा झाला की थांबा’ ही अट निरर्थक होते. मग ठरावीक काळ चालवा, सुरुवातीचा भाग फेकून द्या आणि उरलेल्याची सरासरी घ्या.

उंबरठा

मला मूळ प्रश्नच थोडा तिरका वाटतो. गावाच्या त्या डेटात संस्कृतीची फीचरं नाहीत. जाळं आहे आणि मायक्रोफायनान्स कुणी घेतलं ते आहे. मग अ‍ॅक्सलरॉड कशाला? ज्या गोष्टीचा प्रसार अभ्यासायचा ती कशी पसरते ते आधी बघा, मॉडेल मागून येईल.

त्या अभ्यासात (२०१३) कर्ज देणाऱ्या संस्थेने ७५ पैकी ४३ गावांत प्रवेश केला आणि सुरुवात शिक्षक, दुकानदार, बचतगटाच्या प्रमुख अशा ठरावीक लोकांना माहिती देऊन केली. प्रश्न होता, शेजाऱ्याने कर्ज घेतलं म्हणून मी घेतो, की शेजाऱ्याकडून कळलं म्हणून घेतो? उत्तर दुसऱ्याच्या बाजूने आलं. एकदा माहिती पोचली की शेजाऱ्यांपैकी किती जणांनी कर्ज घेतलं याचा वेगळा परिणाम फारसा दिसत नाही. कर्ज घेतलेले लोक न घेतलेल्यांच्या सुमारे सातपट शक्यतेने माहिती पुढे देतात. तरी न घेतलेल्यांची संख्याच मोठी असल्याने एकूण सहभागापैकी साधारण एक-तृतीयांश त्यांच्यामार्फत येतो. हे ‘ऐकलं आणि पुढे सांगितलं’ असं मॉडेल आहे. दर फेरीला ज्यांना माहीत आहे ते प्रत्येक शेजाऱ्याला ठरावीक शक्यतेने सांगतात, आणि कर्ज घेतलेला आणि न घेतलेला यांच्या शक्यता वेगळ्या ठेवतात. पन्नास ओळींत होतं.

याउलट एखादी सवय किंवा धोक्याचा निर्णय असेल, जिथे ‘अजून कुणी केलंय का?’ हे बघितलं जातं, तिथे उंबरठ्याचं मॉडेल लागतं. उंबरठा म्हणजे आधी किती जणांनी केलं की मीही करेन तो आकडा. ग्रॅनोव्हेटरचं १९७८ चं उदाहरण अजून तोडीचं आहे. १०० माणसं, उंबरठे ०, १, २, ३ … ९९. शून्यवाला सुरू करतो, त्याला बघून एकवाला, मग दोनवाला, आणि शंभरच्या शंभर रस्त्यावर. आता फक्त एकवाल्याचा उंबरठा २ करा. शून्यवाला एकटाच उभा राहतो. सरासरी उंबरठा जवळजवळ तोच, निकाल १०० ऐवजी १. म्हणून सर्व्हेतून सरासरी काढून मॉडेलात घालू नका, पूर्ण वितरण घाला.

उंबरठ्याच्या मॉडेलात जाळ्याचा अर्थही फिरतो. एका वर्तुळावर माणसं उभी करा, प्रत्येकाचा दुवा दोन्ही बाजूंच्या दोन-दोन जणांशी. उंबरठा २. माणूस १ आणि २ पासून सुरुवात: ३ ला दोघेही शेजारी, तो घेतो; ४ ला २ आणि ३ शेजारी, तोही घेतो; असं करत अख्खं वर्तुळ. आता दुवे उचलून रँडम लांबवर जोडा. अफवा असती तर लांबच्या दुव्यांनी ती वेगाने पसरली असती. इथे लांबच्या टोकाला एकटा दुवा पोचतो, दुसरा दुजोरा मिळत नाही, प्रसार खुंटतो. सेंटोला आणि मेसी यांनी २००७ मध्ये हे मांडलं आणि सेंटोलाने २०१० मध्ये १,५२८ लोकांवर ऑनलाइन प्रयोग करून तपासलं: गुच्छ असलेल्या (शेजारी एकमेकांचेही शेजारी असलेल्या) जाळ्यात सुमारे ५४ टक्क्यांनी सवय उचलली, रँडम जाळ्यात सुमारे ३८ टक्क्यांनी.

आणि मोजायची गोष्ट सलग असेल, म्हणजे ० ते १ मधलं मत, तर डेफुआं (२०००) किंवा हेगसेलमान–क्राउझ (२००२) यांचं मॉडेल. दोन्हींत माणूस फक्त आपल्या मतापासून ठरावीक अंतरातल्यांचंच ऐकतो. पहिल्यात एका वेळी दोघे भेटतात, अंतर ०.५ च्या वर असेल तर सगळे एकत्र येतात, ०.२७ ते ०.५ मध्ये एक मोठा गट आणि टोकांना चिमुकले गट उरतात, त्याखाली गटांची संख्या साधारण १ भागिले (२ × अंतर). (हे सगळे सगळ्यांना भेटू शकतात असं धरून.) दुसऱ्यात सगळे एकाच वेळी सरासरी घेतात आणि एकमत बरंच आधी, ०.२ च्या आसपासच होतं. तिथे ‘अंतराइतकं किंवा कमी’ ही तुलना जपून लिहा, संगणकात ०.१ तीनदा मिळवून नेमके ०.३ होत नाहीत, आणि मतं समान अंतरावर मांडून सुरुवात केली असेल तर एवढ्यावर गट फुटतात.

ग्रिडवाला

उंबरठा, पटलं. पण समजा मी पाहणीच्या डेटातून असं दाखवलं की एकमेकांशी जोडलेली कुटुंबं एकच गोष्ट करतात, तर तो प्रसाराचा पुरावा नाही का?

काठावरचा

नाही. सारखी माणसं आधीच एकमेकांशी जोडलेली असतात. सारखेपणातून दुवा आला की दुव्यातून सारखेपणा, हे एका वेळच्या पाहणीवरून सुटत नाही. शलिझी आणि थॉमस यांनी २०११ मध्ये हे गणिताने मांडलंय. त्याआधी २००९ मध्ये अराल, मुचनिक आणि सुंदरराजन यांनी एका मोबाइल सेवेच्या प्रसारावर हिशेब केला, तर नेहमीच्या पद्धती शेजाऱ्याचा प्रभाव ३०० ते ७०० टक्के फुगवून दाखवत होत्या.

कुणी कधी सुरू केलं याच्या तारखा असतील तर एक स्वस्त चाचणी आहे. ज्यांनी गोष्ट स्वीकारली त्यांचा संच तोच ठेवा, फक्त तारखा त्यांच्यात पिसा. शेजाऱ्यापाठोपाठ शेजारी हा क्रम पिसल्यावर मोडला तर प्रभावाची शंका घ्यायला जागा आहे. तसाच राहिला तर ते एकाच पिठाचे लाडू आहेत, एकाने दुसऱ्याला वळलेलं नाही. ही चाचणीसुद्धा ‘गावात त्या आठवड्यात गाडी येऊन गेली’ अशा बाहेरच्या कारणांपुढे आंधळी आहे.

आकडेमोड्या

गावाचं जाळं वापरणारच असाल तर शेवटचा हिशेब. त्या पाहणीत सगळ्या कुटुंबांची यादी आहे, पण ‘तुम्ही कुणाकडे जाता, उसने पैसे कुणाकडे मागता, रॉकेल-तांदूळ कुणाकडून घेता’ असे तपशीलवार प्रश्न साधारण निम्म्या कुटुंबांनाच विचारलेत. दोन्हींपैकी एकाला विचारलं असेल तरच दुवा दिसतो. निवड रँडम धरली तर ७५ टक्के दुवे दिसतात. त्रिकोण दिसायला तिघांपैकी निदान दोघांना विचारलेलं हवं, ती शक्यता ५० टक्के. आणि ‘अ चा ब, ब चा क’ असा उघडा तिठा दिसायची शक्यता ६२.५ टक्के. त्रिकोण भागिले तिठे, म्हणजे गुच्छाचं प्रमाण, खऱ्याच्या ८० टक्केच येतं. उंबरठ्याच्या मॉडेलला हाच गुच्छ लागतो, त्यामुळे प्रसार खऱ्याहून कमी दिसेल.

न विचारलेली कुटुंबं काढून टाकली तर गुच्छाचं प्रमाण सरळ होतं, पण दुवे माणशी निम्मे होतात आणि अ‍ॅक्सलरॉडची कडा सरकते. दोन्ही प्रकारे चालवून दोन्ही आकडे द्या.

आणि मोजणीआधी गावाचा सगळ्यात मोठा जोडलेला तुकडाच घ्या. एकही दुवा नसलेलं कुटुंब प्रत्येक रनमध्ये आपोआप एक वेगळा ‘प्रदेश’ म्हणून मोजलं जातं. अशी पाच घरं असतील तर तुमच्या एकरंगी गावातही प्रदेश सहाच येणार.